युद्धशेष सामग्री आणि विज्ञानशिक्षण : विसाव्या शतकातील एका बाजारपेठेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात शोध आणि शोधकर्ते यांना मानाचे स्थान मिळते. उपकरणांचा उल्लेख मात्र बहुधा ओझरता होतो. ते उपकरण कोठून आले, किती किमतीला मिळाले आणि त्यापूर्वी ते कोणाच्या उपयोगाचे होते, हे प्रश्न तर क्वचितच विचारले जातात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत मात्र या प्रश्नांची उत्तरे विलक्षण महत्त्वाची ठरली. युद्धासाठी तयार झालेली भिंगे, लोलक, रडारसंच, मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक सुटे भाग बाजारात आले आणि विद्यार्थी, हौशी कारागीर व संशोधक यांच्या हाती पडले. प्रस्तुत निबंधात या बाजारपेठेच्या उदयाचा, तिच्या शैक्षणिक कार्याचा आणि मर्यादांचा आढावा घेतला असून, महाराष्ट्रातील कल्याण येथील रेडिओ दुर्बिणीच्या उदाहरणाच्या आधारे तिचे मूल्यमापन केले आहे.

संकल्पना

येथे तीन प्रकारच्या वस्तूंमध्ये भेद करणे आवश्यक आहे. गरजेपेक्षा अधिक तयार झालेला वा खरेदी केलेला माल म्हणजे 'सरप्लस'. तपासणीत नाकारलेला, परंतु अन्य कामास योग्य असलेला माल म्हणजे 'रिजेक्ट'. ज्याची किंमत केवळ वजनावर ठरते, ते भंगार. या तिन्ही प्रकारांमधील सीमारेषा वस्तूच्या अंगभूत गुणांवर अवलंबून नसून ती पाहणाऱ्याच्या ज्ञानावर अवलंबून असते, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

युद्धोत्तर अतिरिक्त मालाचा प्रश्न

युद्ध संपण्यापूर्वीच अमेरिकी शासनाला शिल्लक मालाची चिंता लागली होती. एवढा माल एकदम बाजारात आल्यास उद्योगधंद्यांवर विपरीत परिणाम होईल अशी भीती होती. ३ ऑक्टोबर १९४४ रोजी 'सरप्लस प्रॉपर्टी अ‍ॅक्ट' संमत झाला. शैक्षणिक संस्थांना असा माल देण्याची तरतूद त्यात होती. पुढे १९४६ मध्ये 'वॉर असेट्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' हे स्वतंत्र खाते स्थापन झाले व १९४९ पर्यंत त्याने विल्हेवाटीचे काम केले.

याच कायद्यात सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांच्या पुढाकाराने १ ऑगस्ट १९४६ रोजी दुरुस्ती झाली. परदेशात राहिलेल्या अमेरिकी युद्धसामग्रीच्या विक्रीतून मिळणारे परकीय चलन शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी वापरण्यास तिने परवानगी दिली. भारतात या योजनेचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि अमेरिकी राजदूत लॉय हेंडरसन यांच्या स्वाक्षऱ्यांनी झाला. भारतीय प्राध्यापकवर्गाला सुपरिचित असलेल्या फुलब्राइट शिष्यवृत्तीचे मूळ अशा रीतीने युद्धातील शिल्लक मालाच्या विक्रीत आहे.

टवका उडालेली भिंगे

या बाजारपेठेतील सर्वांत बोलके उदाहरण नॉर्मन एडमंड यांचे आहे. न्यू जर्सीतील या हौशी छायाचित्रकाराला हवी तशी भिंगे सहज मिळेनात. कारखान्यांनी नाकारलेली भिंगे त्यांनी ठोक भावाने घेतली आणि मासिकांतून जाहिरात देऊन ती विकण्यास आरंभ केला. १९४२ मध्ये सुरू झालेल्या या व्यवसायाचे नावच मुळी 'एडमंड सॅल्व्हेज कंपनी' असे होते. 'एडमंड सायंटिफिक' हे भारदस्त नाव पुढे आले.

कडेला टवका उडालेले भिंग कारखान्याच्या दृष्टीने बाद असते. परंतु प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने प्रतिमा घडविण्यात भिंगाच्या संपूर्ण पृष्ठभागाचा वाटा असतो. कडेचा लहानसा तुकडा गेल्याने प्रतिमेचा तुकडा गळत नाही. केवळ प्रकाश किंचित कमी होतो. तुटलेल्या जागी काळा रंग लावला, की तेथून विखुरणारा प्रकाशही थांबतो. म्हणजे ज्याला हे तत्त्व ठाऊक आहे त्याच्यासाठी ते भिंग जवळजवळ निर्दोष, आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी ती फुटकी काच. एडमंड यांच्या व्यवसायाचा पाया या फरकावर उभा होता.

युद्धानंतर तोफांच्या नेमदर्शकांतील भिंगे, रणगाड्यांच्या पेरिस्कोपांतील लोलक आणि लष्करी दुर्बिणींचे भाग यांची त्यात भर पडली. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यानंतर अमेरिकेत विज्ञानशिक्षणाविषयी अस्वस्थता पसरली आणि १९५८ च्या 'नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्ट'ने शाळांच्या विज्ञानसाहित्यासाठी निधी उपलब्ध करून दिला. विज्ञानसाहित्याच्या विक्रेत्यांना त्यामुळे नवा ग्राहक लाभला.

हीच वाट इतरांनीही चोखाळली. मिशिगनमधील हीथ कंपनीने युद्धशेष इलेक्ट्रॉनिक भागांचा मोठा साठा घेऊन १९४७ मध्ये ग्राहकाने स्वतः जोडावयाचा ऑसिलोस्कोप विक्रीस आणला. त्याची किंमत ५० डॉलरांहून अधिक नव्हती. सोबतच्या पुस्तिकेतील एकेक पायरी पार पाडत उपकरण तयार होई आणि जोडणाऱ्याला त्याच्या अंतरंगाची ओळख होई. शिकागोतही १९३७ पासून नाकारलेल्या भिंगांच्या विक्रीतून उदयास आलेला एक व्यवसाय पुढे 'अमेरिकन सायन्स अँड सरप्लस' या नावाने प्रसिद्धी पावला. वस्तूचे दोष न लपवता, हलक्याफुलक्या शैलीत तिचे संभाव्य उपयोग सुचविणारी सूचिपत्रे ही त्याची ओळख ठरली. सामान्य सूचिपत्र 'ही वस्तू काय आहे' ते सांगते. या सूचिपत्रांनी 'हिचे काय करता येईल' असा प्रश्न वाचकापुढे ठेवला. त्यामुळे ती काही अंशी क्रमिक पुस्तकाचे काम करीत.

संशोधनसंस्था आणि युद्धसामग्री

हा लाभ हौशी मंडळींपुरता मर्यादित नव्हता. मँचेस्टर विद्यापीठाचे बर्नार्ड लव्हेल यांनी १९४५ च्या डिसेंबरमध्ये लष्कराचे रडारसंच शहरातील ट्रामगाड्यांच्या विद्युत व्यत्ययापासून दूर, जॉड्रेल बँक येथे नेले. वैश्विक किरणांचे प्रतिध्वनी शोधण्याचा हेतू सफल झाला नाही, परंतु उल्कांच्या अभ्यासाचे नवे दालन उघडले. १९५७ मध्ये तेथेच पूर्ण झालेल्या ७६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीच्या हालचालीसाठी 'रिव्हेंज' व 'रॉयल सॉव्हरिन' या युद्धनौकांच्या तोफबुरुजांतील दातेरी यंत्रणा वापरण्यात आली. नेदरलँड्समध्ये कूटवाइक येथे जर्मन सैन्याने मागे ठेवलेल्या ७.५ मीटर व्यासाच्या 'वुर्झबुर्ग' रडार अँटेनाने १९५१ मध्ये आकाशगंगेतील हायड्रोजनची २१ सेंटिमीटर लांबीची लहर टिपली. हार्वर्ड येथील आदल्या महिन्यांतील शोधाला त्यामुळे पुष्टी मिळाली.

पॉट्स हिल ते कल्याण

महाराष्ट्राशी या इतिहासाचा संबंध ऑस्ट्रेलियामार्गे येतो. येथील वस्तू युद्धशेष नव्हती; एका संशोधनसंस्थेला नकोशी झालेली आणि दुसरीला हवी असलेली ती सामग्री होती. सिडनीजवळील पॉट्स हिल येथे डब्ल्यू. एन. ख्रिश्चनसेन यांनी सूर्याच्या निरीक्षणासाठी लहान तबकडी-अँटेनांची रांग उभारली होती. १९५३ ते १९५५ या काळात कोलंबो योजनेखाली तेथे काम करणाऱ्या गोविंद स्वरूप यांना या रांगेचा निकट परिचय झाला. नवी यंत्रणा उभी राहणार असल्याने जुन्या तबकड्या निरुपयोगी ठरणार होत्या. त्या भारताला मिळाव्यात अशी विनंती स्वरूप यांनी केली आणि सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेला भेट मिळाल्या.

मात्र स्वरूप १९५६ मध्ये अमेरिकेला गेले आणि तबकड्यांची दुर्बीण काही उभी राहिली नाही. १९६३ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्यानंतर त्या तेथे आणण्यात आल्या आणि १९६५ मध्ये कल्याणजवळ सूर्याचे निरीक्षण करणारी रांग कार्यान्वित झाली. तबकड्या त्याच होत्या; बदलली होती ती त्यांचा उपयोग जाणणाऱ्या व्यक्तीची उपस्थिती. कल्याणच्या अनुभवातून घडलेल्या गटाने १९७० मध्ये उटी येथे ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली. पुढे जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी साकारली. परदेशाने टाकून दिलेल्या तबकड्यांपासून स्वदेशी बनावटीच्या महादुर्बिणीपर्यंतचा हा प्रवास आहे.

मर्यादा

या बाजारपेठेचे उदात्तीकरण करणे योग्य होणार नाही. युद्धशेष साठा मर्यादित होता. तो आटल्यावर विक्रेते कारखान्यांचा शिल्लक माल, आयात वस्तू आणि शैक्षणिक खेळण्यांकडे वळले. उपकरणाची जागा हळूहळू नवलाईने घेतली. एडमंड यांचा सामान्य ग्राहकांसाठीचा विभाग २००१ मध्ये विकला गेला, तर हीथने १९९२ मध्ये जोडणीसंचांचे उत्पादन थांबविले. सुरक्षिततेचा प्रश्नही होताच. विमानांच्या जुन्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग असे आणि रडारसंचांत घातक विद्युतदाब असे. शिवाय ज्या समाजात जाणकार मार्गदर्शक नाहीत, तेथे मिळालेली देणगी गोदामात पडून राहते. कल्याणच्या तबकड्यांच्या पहिल्या सात वर्षांचा धडा हाच आहे.

याउलट, वस्तू अगदी क्षुल्लक असली तरी दृष्टी असल्यास शिक्षण घडते. अरविंद गुप्ता यांनी २००३ पासून पुण्यातील आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञानखेळणी घडविली. मराठीतील 'टाकाऊपासून टिकाऊ' या परिचित उक्तीला तेथे शास्त्रीय आशय मिळाला.

निष्कर्ष

१. अतिरिक्त मालाच्या बाजारपेठेचे शैक्षणिक महत्त्व केवळ स्वस्ताईत नव्हते. वस्तू उघडून पाहण्याची, ती बिघडविण्याची आणि चुकण्याची मुभा त्या स्वस्ताईने दिली. महागड्या उपकरणाला विद्यार्थी हात लावण्यास कचरतो. नऊ ठिकाणी खरचटलेल्या भिंगाला कचरत नाही.

२. वस्तूसोबत तिच्या उपयोगाचे ज्ञान पोहोचले तेथेच ती साधन बनली. सूचिपत्र, जोडणीपुस्तिका आणि अनुभवी संशोधक ही त्या ज्ञानाची तीन माध्यमे होत.

३. महाविद्यालयांच्या दृष्टीने हा इतिहास केवळ गतकालीन नाही. जडवस्तू संग्रह नोंदवहीतील साहित्याचे निर्लेखन करताना त्याचे वय आणि पुस्तकी किंमत पाहिली जाते. त्यातील भिंगे, चुंबके, मोटारी, मापकयंत्रे अन्य प्रयोगांस उपयोगी पडतील काय, याची नोंद करणारा रकाना सहसा नसतो. लिलावापूर्वी विषयशिक्षक आणि प्रयोगशाळा साहाय्यक यांनी अशी पाहणी करून सुरक्षित भाग वेगळे काढल्यास व ते शेजारच्या शाळांना उपयोगाच्या टिपणासह दिल्यास, खर्चाविना विज्ञानशिक्षणाला हातभार लागेल. ते टिपण मात्र वगळता कामा नये. त्याविना दिलेली वस्तू एका गोदामातून दुसऱ्या गोदामात जाईल, इतकेच.