भारतातील देहदंड-निर्मूलनाची मागणी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

देहदंड असावा की नसावा, हा प्रश्न भारतात बहुधा एखाद्या गाजलेल्या खटल्याच्या निमित्ताने पुढे येतो आणि खटल्याची आठवण पुसट होताच मागे पडतो. त्यामुळे या मागणीला नऊ दशकांहून अधिक काळाचा इतिहास आहे, ही गोष्ट दुर्लक्षित राहते. देहदंड समूळ रद्द करण्याचा प्रत्येक प्रयत्न कायदेमंडळात अपयशी ठरला. तथापि याच काळात कायद्यातील एक मूलभूत गृहीत मात्र पूर्णपणे उलटे झाले. या दोन्ही प्रवाहांचा एकत्रित विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्वातंत्र्यपूर्व काळ :

१८६० च्या भारतीय दंड संहितेने खुनासाठी फाशी अथवा जन्मठेप (तत्कालीन काळे पाणी) असे दोन पर्याय ठेवले होते. १९३१ साली बिहारचे सभासद गयाप्रसाद सिंह यांनी या संहितेखालील देहदंड रद्द करण्यासाठी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणण्याचा प्रयत्न केला. परंतु सरकारच्या विरोधामुळे तो फेटाळला गेला. त्याच वर्षी २३ मार्च रोजी भगतसिंग, सुखदेव आणि पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम हरी राजगुरू यांना लाहोर येथे फाशी देण्यात आले. काही दिवसांतच कराची येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले व तेथे मूलभूत हक्कांचा ठराव संमत झाला. ऑगस्टमध्ये मुंबई येथे अखिल भारतीय काँग्रेस समितीने या ठरावाला जे सुधारित रूप दिले, त्यात देहदंड असू नये, हे कलम स्पष्टपणे समाविष्ट होते. परकीय सत्तेच्या हातातील फाशीचा दोर ज्यांनी पाहिला होता, त्यांनी स्वतंत्र भारताविषयी दिलेले हे एक अभिवचनच होते.

संविधान सभा व संसद :

सत्तांतरानंतर हे अभिवचन मागे पडले. नोव्हेंबर १९४८ मध्ये झहीरुल हसनैन लारी यांनी संविधान सभेत दुरुस्ती मांडली. सशस्त्र राजद्रोहाचा अपवाद वगळता देहदंड रद्द करावा, असे तिचे स्वरूप होते. ती मान्य झाली नाही. ३ जून १९४९ रोजी फौजदारी अपिलांच्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, अपिलाची तरतूद वाढविण्यापेक्षा देहदंडच रद्द करण्यास आपण अधिक अनुकूल आहोत, असे मत व्यक्त केले. या देशातील लोक अहिंसा आचरणात आणत नसले तरी तिला नैतिक आदर्श मानतात आणि त्याच्याशी देहदंडाचा त्याग सुसंगत ठरेल, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

त्यानंतर संसदेत ही मागणी वारंवार झाली. १९५६ मध्ये लोकसभेतील बिनसरकारी विधेयक फेटाळले गेले. १९५८ मध्ये प्रख्यात अभिनेते व राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य पृथ्वीराज कपूर यांनी ठराव मांडला आणि चर्चेनंतर मागे घेतला. १९६२ मध्ये रघुनाथ सिंह यांच्या लोकसभेतील ठरावानंतर हा विषय विधी आयोगाकडे सोपविला गेला. आयोगाने १९६७ च्या ३५ व्या अहवालात देशाचा विस्तार, लोकसंख्येतील वैविध्य, शिक्षण व नीतिमत्तेच्या पातळीतील तफावत आणि कायदा-सुव्यवस्थेची गरज ही कारणे देऊन देहदंड रद्द करण्याचा प्रयोग भारताला परवडणारा नाही, असा निष्कर्ष काढला.

कारणे कशाची द्यावयाची? :

कायदेमंडळातील या अपयशाच्या काळातच एक महत्त्वाचा बदल घडून आला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार, देहदंडास पात्र गुन्ह्यात न्यायाधीशाने फाशी दिली नाही, तर ती का दिली नाही याची कारणे नोंदविणे बंधनकारक होते. अर्थात फाशी हा नियम होता व जीवदान हा अपवाद. १९५५ च्या दुरुस्तीने हे बंधन काढून टाकले. १९७३ च्या नव्या संहितेने तर फाशी द्यावयाची असल्यास ‘विशेष कारणे’ नमूद करण्याचे बंधन घातले. अशा रीतीने अठरा वर्षांत नियम व अपवाद यांची अदलाबदल झाली.

न्यायालयीन टप्पा :

१९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने देहदंड घटनात्मक ठरविला. मात्र तो ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणापुरता मर्यादित केला. गुन्ह्याबरोबरच गुन्हेगाराच्या परिस्थितीचाही विचार आवश्यक मानला. न्या. भगवती यांनी आपल्या भिन्न मतपत्रात, फाशीचा भार मुख्यतः गरिबांवर पडतो आणि निकाल न्यायाधीश कोण आहेत यावर अवलंबून राहतो, असा आक्षेप घेतला. १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने जन्मठेपेच्या कैद्याने केलेल्या खुनासाठी सक्तीने फाशी देणारे कलम ३०३ रद्दबातल केले.

न्या. भगवतींची शंका पुढे खरी ठरली. १९९६ च्या एका निकालात केवळ गुन्ह्याच्या स्वरूपाकडे पाहून फाशी कायम करण्यात आली व ती अमलातही आली. तो निकाल बच्चन सिंग खटल्यातील तत्त्वाशी विसंगत होता, हे सर्वोच्च न्यायालयानेच २००९ मध्ये मान्य केले. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींकडे तेरा कैद्यांची फाशी रद्द करण्याची विनंती केली. महाराष्ट्रातील २००३ च्या एका खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहा जणांना फाशी ठोठावली होती. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष मुक्त करून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तोपर्यंत त्यांची सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. या काळात फाशी अमलात आली असती, तर भरपाई कोणाला देणार, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला असता.

समारोप :

देहदंडाच्या समर्थकांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. अमानुष गुन्ह्यांना बळी पडलेल्यांच्या कुटुंबीयांची न्यायाची अपेक्षा व समाजाचा क्षोभ यांना निश्चितच स्थान आहे. न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २०१५ च्या २६२ व्या अहवालात दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध यांसंबंधीचे गुन्हे वगळता देहदंड रद्द करण्याची शिफारस केली. याउलट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ही शिक्षा कायम ठेवली असून जमावाने केलेल्या हत्येसाठीही तिची तरतूद केली आहे. त्याच दिवशी लागू झालेल्या नव्या प्रक्रिया संहितेत ‘विशेष कारणां’चे बंधन मात्र टिकून आहे.

निर्मूलनाची मागणी पूर्ण झाली नाही. परंतु एखाद्या व्यक्तीचा जीव घेण्याचे कारण राज्यसंस्थेने द्यावे, हे तत्त्व भारतीय कायद्याने स्वीकारले. ती कारणे प्रत्येक न्यायालयात एकाच मोजपट्टीने मोजली जातात काय, हा या इतिहासाने मागे ठेवलेला प्रश्न आहे. आणि तो जोवर सुटत नाही, तोवर १९३१ ची मागणी कालबाह्य झाली असे म्हणता येणार नाही.