भिंतीमागचा नळ

मंडळाच्या कार्यक्रमात चार कुटुंबे एकत्र आली की शाळा, मॉर्गेज आणि घर हे तीन विषय निघाल्याशिवाय राहत नाहीत. घर घेऊ पाहणाऱ्यांच्या हाती इमारत-तपासणीचा अहवाल पडतो आणि त्यात एक ओळ असते : नळ गॅल्व्हनाइज्ड, किंवा तांब्याचे, किंवा 'काळे प्लॅस्टिक'. पुष्कळजण ती ओळ वाचून पुढे जातात, कारण स्वयंपाकघर नवे आहे की जुने हे दिसते, भिंतीतला नळ दिसत नाही. माझा पोटापाण्याचा व्यवसाय सॉफ्टवेअरचा असला तरी डॉक्टरेट अभियांत्रिकीतली आहे, त्यामुळे त्या एका ओळीमागचा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही.

मराठीत पाइप आणि तोटी या दोहोंना आपण 'नळ' म्हणतो. इंग्रजीतला 'प्लंबर' मात्र सरळ शिशावरून आला. शिशाला लॅटिनमध्ये प्लंबम म्हणतात. रोमन लोक शिशाचे पत्रे वळवून नळ करीत. त्यात धोका आहे हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. इ. स. पूर्व पहिल्या शतकातला स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांच्या फिकट चेहऱ्यांकडे बोट दाखवून मातीच्या नळांचे पाणी अधिक आरोग्यदायी असे लिहून ठेवले आहे. दोन हजार वर्षे हे लिहिलेले होते, आणि तरी विसाव्या शतकापर्यंत जगभर शिशाचे नळ बसतच राहिले! स्वस्त, वाकवायला सोपे आणि गंज न धरणारे म्हणून.

आपल्याकडे मातीच्या नळांचीच परंपरा होती. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, नहर बांधली. पाणचक्कीला पाणी आले ते डोंगरातून खापरी नळांनी. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजहून बांधीव भुयारी पाट आणून शहरातल्या हौदांत पाणी खेळवले. दाब कमी, त्यामुळे मातीचे किंवा दगडाचे सांधेही टिकत. लोखंडाची खरी गरज पडली ती दाबाचे पाणी आल्यावर. मुंबईला १८६० साली विहारचे पाणी बिडाच्या ३२ इंची नळातून आले. सोवळ्यातल्या घरांत हे पाणी चालत नसे, कारण तोटीतला वायसर चामड्याचा! चामड्याबद्दल एवढी चर्चा झाली. पण त्या काळी बिडाच्या दोन नळांच्या सांध्यात ताग ठासून वर वितळलेले शिसे ओतत, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आपल्या प्लंबरच्या पिशवीतला जुन्या काळचा 'सफेदा' हाही शिशाचाच.

वेलिंग्टनची गोष्ट याच काळातली. करोरीचे खालचे धरण १८७८ साली पुरे झाले आणि शहराला नळाचे पाणी मिळू लागले. आज आपण मुलांना घेऊन पक्षी पाहायला झीलँडियात जातो ना, तेच हे धरण. खेड्यापाड्यांत मात्र पन्हाळी पत्र्याच्या छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवीत आणि छपराच्या सांध्यांवर शिशाच्या पट्ट्या असत. म्हणजे शिसे इथेही होतेच, फक्त नळाऐवजी छपरावर.

घरातला नळ मात्र जस्ताच्या मुलाम्याच्या लोखंडाचा, आपल्या भाषेत जी.आय.चा. लोखंडाला जस्तात बुडवण्याचे पेटंट सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८३७ साली घेतले. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. जस्त संपले की गंज सुरू. सप्टेंबर १९३७ मध्ये मिरामारच्या फाइफ लेनमध्ये पहिले सरकारी घर उघडले आणि पंतप्रधान सॅव्हेज यांनी स्वतः टेबल उचलून आत नेले, हे चित्र आपण सर्वांनी पाहिले असेल. त्या पिढीच्या घरांत जी.आय. सर्रास आढळतो.

इथे एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. दख्खनच्या बोअरिंगचे पाणी जड, क्षारांचे. बादलीवर, गीझरमध्ये पांढरी पुटे धरतात. नळ त्यामुळे चोंदतो, पण तोच क्षारांचा थर धातूवर अस्तरासारखा बसून त्याला पाण्यापासून वाचवतोही. रोमच्या शिशाच्या नळांतही असाच थर बसे. न्यूझीलंडचे पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आणि किंचित आम्लाकडे झुकणारे. साबणाला फेस भरपूर येतो, चहा छान होतो, पण हे पाणी अस्तर धरू देत नाही आणि धातू हळूहळू विरघळवते. आमच्या लोअर हटमधल्या पन्नाशीतल्या लाकडी घराचे जुने नळ काढले तेव्हा प्लंबरने कापलेला एक तुकडा मी ठेवून घेतला. बाहेरून धडधाकट, आतून गंजाच्या गाठींनी असा भरलेला की पेन्सिल कशीबशी जाईल. वरच्या मजल्यावरचा शॉवर रडत का होता याचे उत्तर त्या तुकड्यात होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर तांबे आले. तांबे आपल्याला जवळचे, कारण आजीच्या न्हाणीघरातला बंब तांब्याचाच. इथल्या जुन्या घरांत कपाटात उभा असलेला गरम पाण्याचा सिलिंडर हा त्या बंबाचा भाऊबंद म्हणायला हरकत नाही. छपराखाली छोटी टाकी, तिच्या उंचीइतकाच दाब, म्हणून त्या घरांत गरम पाणी धारेने न येता कृपेने येते. तांबे उत्तम टिकते, पण मऊ पाण्यात तेही थोडे थोडे विरघळते. बेसिनमध्ये तोटीखाली निळसर-हिरवा डाग दिसला तर ते तांबे आहे असे समजावे.

आता त्या 'काळ्या प्लॅस्टिक'कडे येतो. तांबे महाग म्हणून सत्तरच्या दशकात पॉलिब्युटिलीन हे प्लॅस्टिक आले. वाकणारे, हलके, झटपट बसणारे. न्यूझीलंडमध्ये सत्तरच्या दशकापासून ऐंशीच्या सुरुवातीपर्यंत 'डक्स क्वेस्ट' नावाची काळी नळव्यवस्था हजारो घरांत बसली आणि काही वर्षांत तिचे सांधे गळू लागले. आजही कित्येक विमा कंपन्या असे नळ असलेल्या घराचा विमा उतरवायला कां-कूं करतात, आणि विमा नाही तर बँकेचे कर्ज नाही. अमेरिकेत पॉलिब्युटिलीनच्या तक्रारी कोर्टात गेल्या आणि १९९५ साली सुमारे ९५ कोटी डॉलरची तडजोड झाली. पाण्यातला क्लोरीन या प्लॅस्टिकला आणि सांध्यांच्या तुकड्यांना आतून ठिसूळ करीत होता. प्रयोगशाळेत काही महिन्यांच्या चाचण्यांवरून पन्नास वर्षांचे आयुष्य काढले की असे होते. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही दोष बहुधा दोन मोड्यूल्सच्या सांध्यावरच सापडतात, पण तिथे निदान घराची जमीन कुजत नाही.

सगळेच प्लॅस्टिक वाईट, असा अर्थ मात्र काढू नये. पॉलिब्युटिलीन इथे आजही वापरतात, वेगळ्या जोडांनी. थॉमस एंगेल या जर्मन संशोधकाने १९६८ च्या सुमारास पॉलिइथिलीनच्या रेणूंना एकमेकांत गुंफण्याची पद्धत काढली, तिचे पेक्स नळ आता सर्वत्र दिसतात. क्राइस्टचर्चच्या २०१० व २०११ च्या भूकंपांत तर रस्त्याखालचे ठिसूळ ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे नळ तुटले आणि लवचीक पॉलिइथिलीनचे बव्हंशी तगले.

राहता राहिली पितळी तोटी. पितळेच्या भांड्याला कल्हई लावल्याशिवाय त्यात आंबट ठेवायचे नाही, हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक होते. तोटीला कल्हई कोण लावणार? यंत्रावर नीट कापले जावे म्हणून पितळेत थोडे शिसे मिसळतात आणि रात्रभर तोटीत उभे राहिलेले मऊ पाणी ते ओढून घेते. म्हणूनच सकाळी आधी सुमारे अर्धा लिटर पाणी सोडून द्या, अशी सूचना इथल्या नगरपालिका वर्षानुवर्षे छापत आल्या आहेत. ती वाचतो कोण?

फेब्रुवारी २०२१ मध्ये डनेडिनच्या उत्तरेला वायकोआइटी आणि करिटाने इथल्या लोकांना अचानक सांगण्यात आले की नळाचे पाणी पिऊ नका. आधीच्या काही महिन्यांच्या नमुन्यांत मधूनमधून शिसे सापडले होते. डिसेंबरमधल्या एका नमुन्यात तर मर्यादेच्या जवळजवळ चाळीसपट, आणि तो निकाल सुट्टीच्या दिवसांत वेळेवर पाहिला गेला नव्हता. दीड हजारांच्या आसपास लोकांनी रक्त तपासून घेतले, टँकर उभे राहिले. टँकरपुढची रांग आपल्याला नवी नाही, पण इथल्या लोकांना होती. शिशाचे सुरक्षित असे प्रमाण लहान मुलांच्या बाबतीत नाहीच, त्यामुळे त्या गावांतल्या आईबापांनी ते महिने कसे काढले असतील याची कल्पना करावी. तिथल्या जुन्या बिडाच्या वाहिन्या पुढे बदलण्यात आल्या.

पिण्याच्या पाण्याच्या तांबे-पितळी जोडसामानात शिसे सरासरी ०.२५ टक्क्यांहून अधिक नसावे, ही मर्यादा इमारत-संहितेच्या नियमांत २०२३ साली आली. ती नव्या मालाला लागू. आपल्या भिंतीतला आणि सिंकवरचा जुना माल आहे तसाच आहे. भिंतीतला बदलायचा तर इथल्या कायद्याप्रमाणे परवानाधारक प्लंबरच हवा, पुण्यासारखे शेजारच्या काकांना पाना घेऊन बोलावता येत नाही. तोवर रात्रभर साठलेले ते अर्धा लिटर पाणी आमच्या घरी रोज सकाळी जास्वंदीच्या कुंडीत जाते. कढीपत्त्याला ते घालत नाही, कारण तो फोडणीत पडतो.