बाटली कुणाबरोबर धाडावी?

वस्तू तयार करणं सोपं. ती परगावी धड पोचवणं हे खरं शास्त्र. आपल्याकडे हे शास्त्र घरोघरच्या बायकांना पाठ असतं. लोणचं घालायला एक दुपार पुरते, पण ते पुण्याच्या लेकीकडे धाडण्यासाठी ‘पुण्याला जाणारं कुणी’ शोधण्यात पंधरा दिवस जातात. शिवाय नुसतं जाणारं माणूस असून भागत नाही. ते बरणी आडवी न करणारं, वाटेत झाकण उघडून ‘जरा चव’ न बघणारं आणि पोचल्यावर आठवणीनं देणारं असावं लागतं. मुलीला स्थळ बघताना होत नसेल इतकी चौकशी या माणसाची होते.

अमेरिकेतल्या माझ्या भाच्यापुढे हाच पेच आहे. फरक इतकाच की, त्याच्या बरणीत बिअर असते. तो ती घराच्या तळघरात स्वतः करतो आणि त्याच्यासारखाच नाद असलेल्या दूरदूरच्या मंडळींना दोन-चार बाटल्या धाडू पाहतो. मी एकदा विचारलं, “अरे, एवढी यातायात कशाला? स्वतः पी आणि गप्प बस.” तर म्हणाला, “मामा, ही विकायला कायद्यानं बंदी आहे. म्हणजे दुसऱ्यानं चाखायची तर ती भेट म्हणूनच जायला हवी. आणि कुणी चाखायचंच नसेल, तर केली कशाला?” हे मला एकदम पटलं. आम्ही लेखक तरी दुसरं काय म्हणतो?

मी स्वतः त्या वाटेचा वाटसरू नाही, पण इतिहासाचा नाद वाईट. तेव्हा बिअर त्यानं करावी आणि तिच्या प्रवासाचा इतिहास मी वाचावा, अशी आम्ही वाटणी करून घेतली.

या इतिहासात पहिला मान हॉजसन नावाच्या इंग्रजाचा. त्याचा बिअरचा कारखाना लंडनच्या पूर्वेला, बो या ठिकाणी. अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांच्या तोंडी याच हॉजसनचं नाव असे. आता तो काही इंग्लंडातला सर्वांत थोर बिअरवाला नव्हता. त्याची थोरवी एवढीच की, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथं नांगर टाकत ते ब्लॅकवॉल त्याच्या कारखान्यापासून कोसभर अंतरावर होतं. या जहाजांच्या कप्तानांना काही जागा स्वतःच्या खाजगी व्यापारासाठी मिळे. हॉजसन त्यांना बिअर उधार देई, आणि उधारी थेट अठरा महिन्यांची! कप्तानानं माल न्यावा, मुंबई, मद्रास, कलकत्त्यात विकावा आणि परत आल्यावर पैसे चुकते करावेत. आफ्रिकेला वळसा, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं, चार ते सहा महिने समुद्रात. पण पिंपं सांभाळली जात. सांभाळली जाणारच. त्यांत कप्तानाचा स्वतःचा नफा डचमळत होता ना!

पुढं 1820च्या सुमाराला हॉजसनच्या वारसांना वाटलं, हे मधले कप्तान हवेत कशाला? आपणच माल धाडू. त्यांनी भाव चढवले, उधारी बंद केली. कप्तान आणि कलकत्त्याचे व्यापारी भडकले. कंपनीच्या कँपबेल मार्जोरीबँक्स नावाच्या एका बड्या साहेबानं बर्टनच्या ऑलसॉपला सुचवलं, ‘तू कर ना तशी बिअर.’ ऑलसॉपनं केली आणि हॉजसनच्या बाजारपेठेत बर्टनची पिंपं येऊन बसली. वाहकाला दुखवू नये, हा धडा त्या घराण्याला असा महाग पडला. एस.टी.च्या कंडक्टरशी वाकड्यात शिरल्यावर आपल्या आंब्यांच्या पेटीचं काय होतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला याचं नवल वाटणार नाही.

भाचा राहतो त्या मुलुखात हा वाहकाचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. आयोवा राज्यात दारूबंदी होती, शेजारच्या इलिनॉयमध्ये नव्हती. इलिनॉयमधल्या पिओरियाच्या लायसी नावाच्या बिअरवाल्यांनी आयोवातल्या किओककला माल धाडला, तो तिथल्या अधिकाऱ्यानं जप्त केला. 1890 साली न्यायालयानं सांगितलं की, एका राज्यातून दुसऱ्यात आलेला माल मूळ वेष्टनात असेतो राज्याला त्याला हात लावता येणार नाही. तिथल्या काँग्रेसनं (आपली नव्हे) त्याच वर्षी घाईघाईनं नवा कायदा केला, की माल राज्यात ‘पोचला’ की त्याला त्या राज्याचा कायदा लागू. त्यावर 1898 मध्ये न्यायालय म्हणालं, ‘पोचला’ म्हणजे घेणाऱ्याच्या हातात पडला! तोवर तो आपला प्रवासातच. झालं! कोरड्या राज्यांतले तहानलेले लोक ओल्या राज्यांतून एक्स्प्रेस कंपन्यांमार्फत खुशाल पार्सलं मागवू लागले. काही खोट्या नावांवरही मागवत असावेत. कारण 1909च्या कायद्यात, अशी पार्सलं खोट्या नावावर देऊ नयेत आणि वर आतल्या मालाचं नाव स्पष्ट लिहावं, अशी कलमं मुद्दाम घातलेली दिसतात. 1913 मध्ये वेब-केन्यन कायदा आला आणि ती पळवाट बुजली. अध्यक्ष टाफ्टसाहेबांनी त्यावर नकाराधिकार वापरला होता, पण काँग्रेसनं तो धुडकावला.

त्याच 1909च्या कायद्यानं मद्याला पोस्टाचं दार बंद केलं, ते आजतागायत बंद आहे. यातली गंमत अशी की, या पोस्टातून जिवंत मधमाश्या जातात, एका दिवसाची कोंबडीची पिल्लं जातात आणि औषधांच्या संशोधनासाठी विंचूसुद्धा जातात! (एकनाथांना हे कळतं तर भारुडात एक कडवं वाढलं असतं.) इतकंच काय, 1914च्या फेब्रुवारीत आयडाहो राज्यात मे पिअरस्टॉर्फ नावाची पाच वर्षांची मुलगी 53 सेंटची तिकिटं लावून पार्सल म्हणून आजीकडे पोचती झाली. रेल्वेच्या तिकिटापेक्षा ते स्वस्त पडलं. विंचू चालतो, नात चालली, पण बिअर चालत नाही. आता बोला! मात्र त्या पोरीच्या गोष्टीत एक बारकावा आहे. टपालाच्या डब्यात तिच्यासोबत होता तो कारकून तिच्या आईचा नातलग होता. आई-बापांनी पोर पोस्टाच्या हवाली केली नव्हती, घरच्या माणसाच्या हवाली केली होती.

पुढं 1920 ते 1933 देशभर दारूबंदी आली आणि गेली. घरी बिअर करायला मात्र केंद्राची मोकळीक मिळायला 1978 साल उजाडलं. कार्टरसाहेबांनी ऑक्टोबरात सही केली. करायची मुभा मिळाली, पण धाडायची? पोस्ट बंद. 1907 साली सिअ‍ॅटलमध्ये पायी आणि सायकलीवरून निरोप पोचवत सुरू झालेली यूपीएस आणि 1973 साली पहिल्या रात्री 186 पार्सलं उडवणारी फेडएक्स या दोघी परवानेवाल्यांचाच माल, तोही करार करून, नेतात. तळघरातल्या भाच्यांना तिथं थारा नाही.

तरी नादिष्ट मंडळी गप्प बसत नाहीत. झाकणाला चिकटपट्टी, बाटलीला प्लॅस्टिकची पिशवी, भोवती गादीसारखं वेष्टन. खोका हलवला तर आवाज येता कामा नये. सोमवारी धाडावं, म्हणजे शनिवार-रविवार गोदामात तापत पडत नाही. आणि आत काय, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘यीस्टचे नमुने.’ हे सगळं सांगताना भाच्याचा चेहरा पडला होता. “मामा, खोटं नाही हो ते. यीस्ट असतंच आत. पण खिडकीतल्या त्या म्हाताऱ्या बाईकडे बघून म्हणवत नाही.” ज्या वस्तूचा अभिमान वाटतो तिचंच नाव लपवून ती धाडायची, हे त्याला बाटली फुटण्यापेक्षा जड जात होतं. म्हणून हल्ली तो तीन-चार बाटल्या मोज्यांत गुंडाळतो, विमानात सामानाच्या बॅगेत ठेवतो (तिथं बिअरला मनाई नाही) आणि स्वतःच घेऊन जातो. खर्च बाटलीच्या शंभरपट. पण ज्यांची सहा वर्षं नुसती अक्षरं ओळखीची होती, त्यांच्या ओसरीवर बसून आता स्वतःच्या हातानं ओतून देतो.

इतिहासानं वाहक निवडायची कसोटी एकच सांगितली आहे. दर बघू नये, वेग बघू नये. त्या मालात त्याचा जीव किती गुंतलाय ते बघावं. कप्तानाचा नफ्यापुरता गुंतला होता, टपालाच्या कारकुनाचा नात्यापुरता. राहता राहिला नादिष्ट माणूस. त्याच्या बाबतीत धोका एकच : पोचेपर्यंत एखादी बाटली कमी भरायची.