हर्रास

दिवाळीनंतर लिहायचं राहूनच गेलं होतं.

आमच्याकडे जुनी माणसं लिलावाला हर्रास म्हणत. लिलाव हा शब्द पोर्तुगीजांचा, हर्रास उर्दूच्या वाटेने आलेला. डोंगरकडा १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात, म्हणून आम्हाला दुसराच जवळचा. वसमत-हिंगोलीला हळदीची हर्रास मी लहानपणापासून पाहिली आहे. बोली लावणारा ढिगाऱ्यावरून ढिगाऱ्यावर जातो, व्यापारी हळकुंड मोडून बघतात, भाव फुटतो, संपलं. हळद विकणारा उद्या सोयाबीनही विकेल.

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईत जुन्या नाण्यांचे लिलाव करणाऱ्या एका पेढीत आहे. तो भेटायला आला तेव्हा कळलं की हे काम अगदीच वेगळं.

पूर्वीचे लिलाववाले सगळंच विकत. कोलकात्याच्या रसेल एक्स्चेंजमध्ये १९४० पासून पियानो, कपबशा, झुंबरं एकाच हातोड्याखाली गेली. पण एकदा नाण्यात पडलं की नाण्यातच राहावं लागतं. हा मुलगा बी.कॉम. झालेला. चाळिशीत फारसी अक्षरं शिकला, मोडी शिकला. बोलीचा दिवस एक, पण त्याआधी कित्येक आठवडे प्रत्येक नाणं तोलायचं, भिंगाखाली धरायचं, कॅटलॉगमध्ये चार ओळी लिहायच्या. त्या चार ओळी चुकल्या तर नाव गेलं. शिवरायांच्या होनाच्या नकला तर इतक्या की खरा होन समोर आला तरी आधी संशयच येतो, म्हणाला.

गिऱ्हाईकही मोजकंच. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर विकता येत नाही. जमिनीत सापडलेलं असेल तर १८७८ चा कायदा आडवा येतो, दहा रुपयांवरचं धन कलेक्टरला कळवावं लागतं. त्यामुळे नाणं आलं की पहिला प्रश्न किमतीचा नसतो, "आलं कुठून?" हा असतो.

एक गोष्ट त्याने जरा अडखळतच सांगितली. संग्राहक वारला की घरून फोन येतो. वीस-वीस वर्षांची ओळख असते. तो जातो, बसतो, तेराव्यापर्यंत नाण्यांचा विषय काढत नाही. मग त्याच माणसाने त्याच्याकडूनच घेतलेली नाणी पुन्हा मोजून घेतो. स्वतःचा लहानपणीचा संग्रह त्याने केव्हाच देऊन टाकला. विकणाऱ्याने जमवू नये, लोकांना शंका येते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लंडनला सोदबीजच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ४७.१५ लाखांना घेतली, आठवत असेल. पातं युरोपियन घडणीचं. पण त्यावर देवनागरीत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा असं सोन्यात लिहिलेलं. ते लिहिलेलं नसतं, किंवा कुणाला वाचता आलं नसतं, तर ती कुठल्याशा सरदाराची एक तलवार म्हणून गेली असती. याच्या पोटापाण्याचं मर्म मला तिथे कळलं.

आता आमच्या घरचं. जुन्या वाड्याची भिंत उतरवताना कोनाड्यात आजीची चंची सापडली. आत एकतीस हाली रुपये, चारमिनारचे. हाली म्हणजे निजामाचं चलन. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब आजीला तोंडपाठ होता. मी उत्साहाने चिंच आणि राख लावून सगळे लखलखीत घासले. मास्तराची सवय, दुसरं काय!

विद्यार्थ्याने एक रुपया उलटा करून आधी चारमिनारच्या दारात बघितलं. तिथे राजाच्या नावाचं आद्याक्षर असतं, महबूबचा मीम, उस्मानचा ऐन. मग बराच वेळ काही बोलला नाही.

"गुरुजी, घासायला नको होतं. हे आता चांदीच्या भावाने जातील."

शाळेत मी त्याला उत्तरं खोडताना कागद फाडू नकोस म्हणून रागावत असे, ते उगाच आठवलं.

चंचीच्या तळाशी दोन रुपये कापडाला चिकटून राहिले होते, त्यांना माझा हात लागला नव्हता. ते त्याने चिमटीत कडेने धरून पाहिले, कागदात गुंडाळून परत दिले. पुढच्या कॅटलॉगमध्ये घेईन म्हणाला, पण दुसऱ्यांदा विचारलं नाही. धाकटा भाऊ म्हणतो देऊन टाक, अर्धे अर्धे करू. मी अजून कुणालाच काही कळवलेलं नाही. कागद कपाटात, आजीच्या फोटोमागे आहे.