भाडेकरूच मालक झाले तेव्हा

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि दाटीवाटीच्या, अंधाऱ्या चाळींचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे १९१२ च्या कायद्याने पतपेढ्यांखेरीज इतर सहकारी संस्थांनाही वाट मोकळी करून दिली. १९१५ साली गावदेवीत सारस्वत गृहनिर्माण संस्था आणि १९१८ साली वांद्र्यात सालसेट कॅथलिक संस्था स्थापन झाली. भाडेकरूच एकत्र येऊन मालक झाले. सभासदाने भाग कितीही घेतले तरी मत एकच, हे सहकाराचे मूलतत्त्व.

आज आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत गणपूर्तीसाठी खोळंबावे लागते. हिशेब न वाचताच मंजूर होतो. मग कारभार दोघा-तिघांच्या हाती जातो, आणि स्वतःच्या घरात आपण पुन्हा भाडेकरूच ठरतो.