गादमाशी व तिचा उशिरां येणारा वैरी

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगराहून मूलमार्गें सिंदेवाहीकडे जाऊं लागलें म्हणजे कोळशाचा धूर मागें पडतो आणि धानाच्या बांध्या दिसूं लागतात. श्रावण-भाद्रपदांत या बांध्यांत कधीं कधीं कांद्याच्या पातीसारखे पोकळ, चंदेरी पोंगे उभे राहतात. अशा फुटव्याला लोंबी येत नाहीं. हा प्रताप डासाएवढ्या गादमाशीचा.

या किडीचा उपद्रव १८८० सालीं बिहारांत मुंगेरकडे नोंदला गेला. १८८९ मध्यें कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे जेम्स वुड-मेसन यांनीं तिला शास्त्रीय नांव दिलें. पुढें दोनच वर्षांनीं, १८९१ मध्यें, पीटर कॅमेरॉन यांनीं तिच्यावर जगणाऱ्या, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यांतील एका चिमुकल्या कीटकाचें वर्णन केलें. त्याचें नांव प्लॅटिगॅस्टर ओरायझी. वैरी व मित्र दोघेही विद्वानांना जवळजवळ एकदमच ठाऊक झाले. शेतकऱ्याचें संकट मात्र टळलें नाहीं. असें कां व्हावें?

उत्तर हंगामाच्या पंचांगांत आहे. पहिल्या पावसांत गादमाशी जंगली धानावर वाढते. सुमारें तीन आठवड्यांत एक पिढी पुरी होते आणि रोवलेल्या धानाला फुटवे येतांच तिची धाड पडते. प्लॅटिगॅस्टर तिच्या अंड्यांत आपलें अंडें घालतो. त्या एकाचे अनेक जीव होतात व अळीला आंतून खाऊन बाहेर पडतात. परंतु या मित्राची फौज वाढण्यास आधीं वैऱ्याची संख्या वाढावी लागते. म्हणून हंगामाच्या अखेरीस तो पराक्रम गाजवितो; तोंवर पिकाचें नुकसान होऊन गेलेलें असतें.

मग शेतकऱ्यानें करावें काय? फुटव्यांचा काळ सरून लोंबी धरूं लागली, कीं अळीला पोंगा करतां येत नाहीं. तेव्हां लवकर झालेली रोवणी बहुधा वांचते. पण रोवणीला पाणी हवें! गोंड राजवटींत कोहळी लोकांनीं खोदलेल्या तलावांचें मोल येथें कळतें. मालगुजारी रद्द करणारा कायदा १९५० सालीं झाला व हे तलाव सरकारकडे गेले. तलाव गाळानें भरला, तर रोवणी पावसाची वाट पाहते आणि गादमाशीच्या तावडींत सांपडते.

पुढें प्रतिकारक वाणही निघाले. तरीही एक सावधगिरी उरतेच. पोंगे दिसतांच सरसकट विषारी औषध फवारलें, तर उशिरां कां होईना, पण येणारा तो मित्रच आधीं मरतो.