मुलांच्या खोडीचें फळ

मुलाच्या हातीं शास्त्रीय उपकरण दिलें कीं तें त्याचा पाठ्यक्रमाबाहेरचा उपयोग शोधून काढतें, आणि आपण वडील माणसें त्यास खोडी म्हणून मोकळीं होतों. अशा खोडीकडे जाणत्यांनीं लक्ष दिलें म्हणजे काय घडतें, याचें उदाहरण आम्हांस ‘रोब्लॉक्स’ या खेळाच्या पूर्वेतिहासांत आढळतें.

अमेरिकेंत डेव्हिड बाझुकी यांनीं आपले बंधु ग्रेग यांच्यासह ‘नॉलेज रिव्होल्यूशन’ ही कंपनी काढून १९८९ सालीं ‘इंटरॅक्टिव्ह फिजिक्स’ नांवाची संगणक-प्रणाली प्रसिद्ध केली. कप्पी, तरफ, स्प्रिंग, लोलक यांचे प्रयोग विद्यार्थ्यांनीं पडद्यावर मांडावे, हा तिचा उद्देश. तो सफल झालाच. परंतु मुलांनीं त्याच साधनांनीं मोटारी एकमेकींवर आदळविल्या, इमारती रचून त्या कशा ढासळतात तें पाहिलें. नियम न्यूटनचेच होते. प्रश्न मात्र मुलांचे स्वतःचे होते. हा भेद बाझुकी यांच्या ध्यानांत राहिला.

१९९८ सालीं ही कंपनी ‘एम. एस. सी. सॉफ्टवेअर’नें दोन कोटि डॉलरांस विकत घेतली. पुढें २००४ सालीं बाझुकी व त्यांचे जुने सहकारी एरिक कॅसेल यांनीं एक नवा नमुना रचण्यास घेतला. त्याचें पहिलें नांव ‘डायनाब्लॉक्स’. पूर्वीच्या प्रणालींतील जग कागदासारखें सपाट होतें. येथें लांबी, रुंदी व उंची असलेले ठोकळे आले. ते जोडावे, त्यांची वस्तु करावी, आधार काढतांच ती कोसळावी. आणि हें सारें दूरदूरच्या मुलांनीं एकत्र करावें, अशी ही कल्पना होती. २००५ सालीं ‘रोबॉट’ व ‘ब्लॉक’ या शब्दांच्या संयोगानें आजचें नांव पडलें, आणि २००६ सालीं खेळ सर्वांस खुला झाला.

पुढें खेळांत बाजार शिरला. २००७ सालीं ‘रोबक्स’ हें चलन निघालें. २०१३ सालीं, ज्या वर्षीं कॅसेल निवर्तले, त्याच वर्षीं खेळ रचणारांस त्या चलनाचे खरे पैसे करून घेण्याची सोय झाली. २०२१ सालीं कंपनीचे भाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत आले. रचणारास मोबदला मिळावा हें न्याय्यच आहे. परंतु मोटारी आदळविणाऱ्या त्या पहिल्या मुलांस कांहींच विकत घ्यावें लागत नव्हतें, हेंही विसरतां येत नाहीं.

आपलें मूल किती वेळ खेळतें, एवढेंच आपण विचारतों. तें तेथें कांहीं रचतें, कीं दुसऱ्यानें रचलेलें नुसतें विकत घेतें, हेंही विचारावें, अशी आमची सूचना आहे.